सुऱ्याचं घर

भावोजींना दुसऱ्याच्या हातातली चांगली वस्तू बघवत नसे, आणि ते त्यांना लपवताही येत नसे. शेजारच्या घरात नवा मिक्सर आला, की त्याचा आवाज भिंतीतून इकडे येई आणि भावोजींच्या कानाच्या पाळ्या लाल होत. कुणी नवं घड्याळ दाखवलं, सायकल दाखवली, अगदी पोराचं प्रगतिपुस्तक दाखवलं तरी त्यांच्या तोंडून आधी दोनच शब्द निघत, "त्यात काय?" तो प्रश्न नसायचा. वस्तू चांगली आहे, याची ती पावती असायची. वाईट वस्तूला ते मनापासून "छान हाय" म्हणत, आणि हे कळल्यापासून चाळीतले लोक त्यांच्याकडून "छान हाय" ऐकायला घाबरत.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. रोह्याला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहायचे आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. त्याच कंपनीत मला शिकाऊ म्हणून घेतलं, तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न माझ्या मनात यायच्या आधीच त्यांनी खिडकीखालची आपली जागा मला दिली आणि स्वतः दाराशी पथारी टाकली. एवढा मोठ्या मनाचा माणूस. पण पहिल्या पगारातून मी शर्ट शिवला, तर दोन दिवस त्या शर्टाची कॉलर कशी चुकली आहे हेच सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी शिंप्याकडे त्याच कापडाचा शर्ट शिवायला टाकून आले.

त्यांच्या हेव्याचं मुख्य ठाणं मात्र पेणला होतं. पेणला माझी थोरली बहीण, माई, दिली होती. तिच्या यजमानांचा, म्हणजे थोरल्या भावोजींचा, गणपतीचा कारखाना होता. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ते स्वतः करत आणि त्यांनी डोळे आखलेली मूर्ती गिऱ्हाईक दुसऱ्या मूर्तीशी बदलून घेत नसे. माणूस उमदा, हसरा, देखणा. भावोजी तोंडावर त्यांना "दादा" म्हणायचे, पण घरी नुसतं "पेणकर". पेणकरांकडे फ्रिज आला, पेणकरांनी अंगणात फरशी घातली, पेणकरांच्या आंब्याला यंदा मोहोर जास्त. थोरले भावोजीही यांना लाडानं "रोहेकर" म्हणायचे, आणि त्यांचा हा लाडच भावोजींना सगळ्यात जास्त झोंबायचा.

त्या वर्षी भाचीच्या बारशाला आम्ही सगळे पेणला गेलो होतो. जेवणं झाल्यावर थोरल्या भावोजींनी कपाटातून एक सुरा काढला. त्यांचा पुतण्या जहाजावर होता, त्यानं परदेशातून आणलेला. पाण्यात बुडी मारणारे लोक पायाला बांधतात तसला. सुरा काळ्या कडक प्लास्टिकच्या म्यानात होता. त्यांनी म्यान उलटं धरलं, जोरात हलवलं, तरी सुरा पडला नाही. ना बटण, ना पट्टा. मग अंगठ्यानं जरासा रेटा दिला, आणि टक् असा आवाज होऊन सुरा अलगद हातात आला. परत आत घातला, परत टक्. बायका, पोरं, सगळ्यांनी एकेकदा टक् करून बघितलं.

म्यान भावोजींच्या हातात आलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, नखानं टोकरलं, वितीनं मापलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"त्यात काय?" भावोजी म्हणाले.

परतीच्या एस.टी.त ते मांडीवर वीत मोजत बसले. वडखळ गेलं. नागोठण्याला गाडी थांबली, मी भजी आणली, ती त्यांनी खाल्ली नाहीत. गाडी पुन्हा हलली तेव्हा म्हणाले, "सुधीर, बघितलास ना?"

"सुरा? झकास आहे."

"सुरा नव्हं रे. सुरा लोहार पण करील. सुऱ्याचं घर बघितलंस का? चष्म्याला घर असतं तसं. पण हे त्याच सुऱ्याचं घर, दुसरा कुणी आत ऱ्हायला जाणारच नाय."

पुढच्या सुट्टीपासून ताईच्या स्वयंपाकघराचं काही खरं राहिलं नाही. तसलं घर आपणच करायचं म्हणून आधी त्यांनी प्लास्टिकची फुटकी बादली घेतली. तिचा तुकडा तव्यावर ठेवला, तर तो मऊ व्हायच्या आधी वितळला, त्याच्या तारा सुटल्या आणि तवा कायमचा गेला. मग बरणीचं झाकण घेतलं, ते आक्रसून सुपारीएवढं झालं. घरात धूर, पोरं खोकतायत. ताईनं स्टोव्ह, तवा आणि नवरा, तिन्ही बाहेर अंगणात काढले. "काय जळायचं ते भायेर जळा," ती म्हणाली. तिचं बोलणं दुहेरी होतं हे भावोजींना कळलं नाही. कळलं असेल तरी त्यांनी दाखवलं नाही.

जमलं ते पाण्याच्या पाइपानं. चाळीमागे नळाचं काम झालं होतं, तिथे उरलेले प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे पडले होते. पाइप करवतीनं उभा चिरायचा. लोखंडी पाटीत वाळू तापवायची आणि तुकडा तिच्यात पुरायचा, म्हणजे आच सगळीकडून सारखी लागते आणि प्लास्टिक जळत नाही. मऊ झाला की दोन फळ्यांमध्ये दाबून त्याचा सपाट पत्रा करायचा. पत्रा पुन्हा तापवायचा. आता तो तव्यावरून काढलेल्या घावनासारखा लुळा पडला, की सुरीवर दुमडायचा आणि वर-खाली जुन्या स्कूटरच्या सीटमधला फोम ठेवून पुन्हा फळ्यांत घालायचा. फोम दबतो आणि प्लास्टिकला सुरीच्या अंगाअंगाशी नेऊन बसवतो. थंड होईपर्यंत फळीवर वजन हवं. ते वजन म्हणजे मी आणि ताई. आम्ही दोघं बहीणभाऊ भर दुपारी अंगणात फळीवर उभे, आणि भावोजी खाली वाकून ओरडतायत, "हलू नको गो! श्वास पण दमानं घे!"

पहिल्या म्यानात ताईची भाजीची सुरी गेली ती बाहेरच येईना. प्लास्टिकनं तिला अशी मिठी मारली, की भावोजींनी पाय लावून ओढली तेव्हा मूठ हातात आली आणि पातं आतच राहिलं. त्यावरून ते शिकले. पात्याला आधी कागद आणि चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे आत जरा मोकळीक राहते, आणि सुरीला धरायचं ते फक्त मुठीच्या गळ्याशी. बाकी अंग सैल, गळा घट्ट. कडेला भोकं पाडून चपला शिवणाऱ्याकडून आणलेले पितळी रिबिट ठोकायचे. ज्या दिवशी ताईची नवी सुरी टक् करून बसली, त्या दिवशी भावोजींनी ती इतक्या वेळा आत-बाहेर केली, की शेवटी ताई म्हणाली, "आता भाजी चिरू द्याल का तिला?"

हळूहळू लोकांना कळलं. डोंगराच्या कडेच्या वाडीतून गोमीबाय नावाची बाई लाकडाची मोळी घेऊन यायची. तिचा कोयता कमरेच्या लाकडी आकडीत उघडाच लटकायचा आणि मोळी उचलताना मांडीला लागायचा. भावोजींनी तिच्या कोयत्याच्या वाकाबरहुकूम म्यान करून दिलं. पुढच्या खेपेला ती ओट्यावर बसून हसत म्हणाली, "दादा, ह्यो कोयता आता चावत नाय बग." मग वाडीतल्या बाकीच्या बाया आल्या, आपापले कोयते घेऊन. कुणी करवंदं आणली, कुणी खेकडे. "हिला दिलंस, मना का नाय?" असं एकीनं भांडणाच्या सुरात विचारलं, तेव्हा भावोजींच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. आपल्यामुळे कुणाला तरी हेवा वाटतोय, हे सुख त्यांना नवं होतं.

कंपनीतही टेस्टर, पक्कड, बॅटरी यांची पट्ट्याला अडकवायची घरं हवी म्हणून शिफ्ट सुटताना गेटवर लोक त्यांना गाठू लागले. मीही एव्हाना शिकलो होतो. आमच्या शिफ्ट इन्चार्जच्या बॅटरीसाठी मी एक घर केलं. त्याच्या कडा काचेच्या तुकड्यानं तासून, मग ज्योतीवरून नुसत्या फिरवल्या, म्हणजे चकाकी येते. इन्चार्जनं ते सगळ्यांसमोर वर धरलं आणि म्हणाला, "चेल्यानं गुरूला मागं टाकलं."

त्या संध्याकाळी भावोजी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ताटाला ताट लावून जेवायचो, पण मीठ हवं असलं तरी ते ताईला सांगून मागायचे. मी ताईला म्हटलं, मी आता काही करतच नाही. ती म्हणाली, "खुळा हायस का? तू सोडलंस तर ते पण सोडतील. त्यांना पुढं कुणीतरी दिसायला लागतं रे. त्याशिवाय पाय उचलत नाय त्यांचा."

आठवडा गेला असेल. मी अंगणात कड तासत बसलो होतो. भावोजी आले, पलीकडे उकिडवे बसले. कड कशी करायची ते मी सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नको," ते म्हणाले. "तू कर. मी बघतो फक्त."

मी केलं, त्यांनी बघितलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी मीठ माझ्याकडे मागितलं.

या सगळ्या काळात पेणकरांचा सुरा त्यांच्या डोक्यातून गेलेला नव्हता. त्या दिवशी वितीनं मापलेल्या म्यानाच्या नुसत्या आठवणीवरून त्यांनी तो सुरा सागवानात कोरला आणि त्या लाकडी सुऱ्यावर म्यान बसवलं. काळा पाइप कुठून तरी मिळवला. तीन म्यानं मोडीत काढली, चौथं पोटाशी धरून आम्हाला सगळ्यांना पेणला घेऊन गेले.

थोरल्या भावोजींनी सुरा काढला आणि या नव्या घरात घातला. टक्. उलटं धरलं, हलवलं. सुरा जागचा हलला नाही. त्यांनी परदेशी म्यान आणि हे म्यान शेजारी शेजारी ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि मग खदखदून हसले. इतकं मनमोकळं हसू मी क्वचित ऐकलं असेल.

"रोहेकर, ह्याच्याहून भारी झालंय रे! आता हा सुरा पण तुझाच. घेऊन जा."

झालं. मी भावोजींकडे बघितलं, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला नको," ते म्हणाले.

"अरे, प्रेमानं देतोय."

"तुम्हाला द्यायला काय लागतं, दादा? तुमच्याकडं सगळंच हाय. सुरा देता, हसता. मी एवढं केलं, तर एकदा तरी पोटात दुखू दे की तुमच्या! निदान खोटी तरी नावं ठेवा!"

थोरल्या भावोजींना काही समजेना. ज्याला कधी हेवा ठाऊकच नाही, अशा माणसाला ही तक्रार समजावी तरी कशी? त्यांनी सुरा पुन्हा पुढे केला, भावोजींनी हात झटकला, सुरा फरशीवर पडला. माईनं पानं वाढली होती. भावोजी वाढल्या पानावरून उठून स्टँडकडे चालायला लागले. ताई एकदा माईकडे आणि एकदा दाराकडे बघत राहिली, मग पोराला कडेवर घेऊन तीही निघाली.

त्यानंतर पेणचं जाणं-येणं थांबलं. माईच्या हळदीकुंकवाला ताई गेली नाही, ताईच्या घरच्या सत्यनारायणाला माई आली नाही. कधीतरी दोघी बहिणी नागोठण्याच्या स्टँडवर भेटायच्या, कारण ते दोघींनाही सारखंच लांब होतं. बाकावर बसून एकमेकींना डबे द्यायच्या आणि आपापली गाडी धरायच्या. मी ताईला सोडायला जात असे. परतताना ती डबा मांडीवर धरून बसायची. भावोजींना हे ठाऊक होतं. डब्यातली माईच्या हातची सुकटीची चटणी ते निमूट खात, पण तिला चांगली म्हणत नसत आणि वाईटही म्हणत नसत. तेवढ्यावरून मी ओळखायचो, की आतून मोडले आहेत.

पुढच्या वर्षी गणपतीचा हंगाम ऐन भरात असताना पेणहून निरोप आला, की थोरल्या भावोजींना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. ताई आणि मी लगेच निघालो. "तुम्ही व्हा पुढं. मला शिफ्ट हाय," एवढंच भावोजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ते कंपनीच्या कपड्यांतच पेणला आले. हातात म्यानं करायच्या हत्यारांची पिशवी.

पुढे दवाखान्यातून घरी सोडल्यावर थोरले भावोजी काही दिवसांतच कारखान्यात जाऊन बसायला लागले. भावोजींनी रजा टाकली आणि पेणलाच मुक्काम केला. एकदा भावोजी, माई आणि मी कारखान्याच्या दारात उभे होतो. आत थोरले भावोजी स्टुलावर बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवून दिल्यासारखा. डाव्या हातानं ते मूर्तीच्या कडा साफ करू बघत होते. कोरणी फळीवर ठेवली, की घरंगळून खाली पडायची. धरून ठेवायला दुसरा हात नाही, वाकता येत नाही. सुरी उचलताना पात्यालाच हात गेला आणि बोट कापलं. कारखान्यातले कारागीर दुसरीकडे बघायला लागले.

भावोजींनी आत जाऊन तब्येत विचारली नाही, गेल्या वर्षीची गोष्ट काढली नाही. "माई, घरात पाइपाचा तुकडा हाय का?" एवढंच विचारलं.

कारखान्याच्या मागच्या अंगणात त्यांनी वाळू तापवली. थोरल्या भावोजींच्या प्रत्येक सुरीचं, कोरणीचं, ब्रशाचं घर केलं आणि ती सगळी घरं फळीच्या कडेला, डावीकडे कलती ठोकली. पण खरं अवघड पुढेच होतं. घर घट्ट झालं तर अशक्त डाव्या हातानं हत्यार निघायचं नाही, सैल झालं तर पडायचं. किती घट्ट, हे दोन हातांच्या माणसाला कळणार कसं? भावोजींनी गमछा घेतला, मला म्हणाले, "बांध." मी त्यांचा उजवा हात कमरेशी बांधला. मग ते एकेक हत्यार डाव्या हातानं काढत, परत घालत, पुन्हा घर तापवून गळा ढिला करत बसले. दिवसभर. हात बांधलेला तसाच, चहाही डाव्या हातानं, निम्मा अंगावर.

थोरले भावोजी दारातून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "रोहेकर, सोड तो हात. बघवत नाय मला."

भावोजींनी मला खूण केली, मी गाठ सोडली. त्यांनी मनगट चोळलं, बोटं उघडली, मिटली. थोरल्या भावोजींची नजर त्या बोटांवरच होती.

"खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो रे," ते म्हणाले.

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघितली ते असं समोर आलं आणि भावोजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तो उजवा हात पाठीमागे घेतला, चोरी पकडल्यासारखा.

"असं नका बोलू, दादा," ते म्हणाले. "तुम्ही हेवा करायचा नाय. ते काम माझं हाय. तुम्ही फक्त पुढं ऱ्हावा."

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला भावोजी पेणला. कधी ताईला घेऊन, कधी एकटेच. थोरले भावोजी डाव्या हातानं आखणी शिकत होते. आधी रेघ थरथरायची, मग सरळ यायला लागली, आणि एका हंगामात त्यांनी डाव्या हातानं अख्ख्या मूर्तीचे डोळे आखले. त्या दिवशी भावोजी रोह्याला परतले ते पाय आपटतच. "पेणकर डाव्यानं डोळा काढतो, आणि मला उजव्यानं धड टिंब देता येत नाय," असं म्हणून त्यांनी ताईच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर डाव्या हातानं खडूची गोलं काढायला घेतली. ताई ती पुसायची, ते परत काढायचे. मी घरात इतका आनंद त्याआधी बघितला नव्हता.

मग माझी बदली झाली, रोहा सुटलं. काही वर्षांनी एका सकाळी, पहिल्या शिफ्टला निघालेले भावोजी धाटावच्या बसमध्येच खिडकीला डोकं टेकून गेले. शेजारच्याला वाटलं, झोपले असतील. मी पोचलो तेव्हा त्यांना ओसरीवर ठेवलं होतं, चाळ गोळा झाली होती, वाडीतल्या बाया कडेला बसल्या होत्या. ताई भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. कुणी काही विचारलं तर मान हलवायची.

पेणहून जीप आली. थोरल्या भावोजींना दोघांनी धरून उतरवलं. ते काठी टेकत आले, भावोजींच्या उशाशी कसेबसे खाली बसले आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना रडू आलं नाही. कपाळाला आठ्या पडल्या आणि या शांत, उमद्या माणसाच्या तोंडावर मी कधी न बघितलेला राग चढला.

"थोरला मी," ते म्हणाले. "आजारी मी. नंबर माझा होता. आणि हा मधेच पुढं घुसला. असं असतंय होय, रोहेकर? असं असतंय?"

डाव्या हातानं ते भावोजींचा खांदा हलवत होते. मागून हुंदका ऐकू आला. ताई रडायला लागली होती.